कागदावरचा उठाव : हीट एम्बॉसिंगविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील भेटकार्डांवरच्या लेखात हीट एम्बॉसिंगचा, म्हणजे ओल्या शाईवर टाकलेली पावडर उष्णतेने वितळवून कागदावर उठाव आणण्याच्या पद्धतीचा, उल्लेख एका परिच्छेदापुरता आला होता. त्यावर आलेल्या पत्रांवरून असे दिसते की, अनेकांनी हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र) आणि पावडरीच्या डब्या आधीच घेऊन ठेवल्या आहेत; मात्र शाई, कागद आणि कागदावरचा ओलावा यांचा विचार फारसा कोणी केलेला नाही. बिघडलेल्या नमुन्यांची जी वर्णने वाचकांनी कळवली आहेत, त्यांतील बहुतेक बिघाड हीट गन सुरू होण्यापूर्वीच झालेले आहेत. म्हणून खालील उत्तरांत यंत्रापेक्षा पूर्वतयारीवर अधिक लिहिले आहे.

प्रश्न : लग्नपत्रिकेवर सोनेरी अक्षरे उठून दिसतात, तेच हीट एम्बॉसिंग का? घरी सुरुवात करायची असल्यास नेमके काय काय विकत घ्यावे? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : पत्रिकेवरचा उठाव तीन निरनिराळ्या पद्धतींनी आणता येतो. कोरड्या एम्बॉसिंगमध्ये कागद एकमेकांत बसणाऱ्या दोन साच्यांमध्ये दाबला जातो. तेथे कागदच वर उचलला जातो आणि पत्रिका उलटी करून पाहिली तर मागे खळगा दिसतो. फॉइलच्या कामात तापलेल्या ठशाने सोनेरी पन्नी कागदावर दाबतात. त्यात चकाकी भरपूर असते, पण बोट फिरवले तर अक्षर सपाट किंवा किंचित आत दबलेले लागते. तिसरी पद्धत थर्मोग्राफीची. तीत ओल्या शाईवर राळेची बारीक पावडर टाकून ती उष्णतेने वितळवतात. अक्षर पुढून फुगीर लागते आणि मागची बाजू सपाटच राहते. आपण घरी जे हीट एम्बॉसिंग करतो ते या तिसऱ्या पद्धतीचे छोटे रूप आहे. गिरगावातील खाडिलकर रस्त्यावरच्या पत्रिकांच्या दुकानांत तिन्ही प्रकारचे नमुने शेजारी शेजारी पाहायला मिळतात आणि नवख्या माणसाने ते एकदा हात लावून पाहावेत, असे मला वाटते.

खरेदीचे म्हणाल तर आरंभी पाच वस्तू पुरतात : एक शिक्का, एम्बॉसिंगच्या शाईचा पॅड, पावडर, जाड कागद आणि हीट गन. यांपैकी शाईच्या बाबतीत काटकसर करू नये. एम्बॉसिंगची शाई हळू वाळणारी, काहीशी चिकट आणि बहुधा रंगहीन असते. ‘वर्सामार्क’ या नावाने मिळणारा पॅड बराच प्रचलित आहे. कार्यालयात वापरतात त्या निळ्या-जांभळ्या पॅडची शाई कागदात पटकन मुरते, त्यामुळे पावडरीला धरून राहण्यासाठी पृष्ठभागावर काहीच उरत नाही. पिग्मेंट प्रकारची रंगीत शाई मात्र चालते, कारण तीही सावकाश वाळते. तिच्यावर पारदर्शक पावडर टाकली की शाईचाच रंग उठावासह दिसतो.

पावडर घेताना पांढरी, सोनेरी आणि पारदर्शक अशा तीन डब्या घ्याव्यात. बारा रंगांचा संच पाहून मोह होतो, पण त्यातील चमकीच्या पावडरींचे दाणे ओबडधोबड असतात आणि बारीक रेषांच्या शिक्क्यावर त्या शोभत नाहीत. गडद निळ्या किंवा काळ्या कागदावर पांढरी पावडर जितकी खुलते तितका परिणाम पुष्कळ महागड्या पावडरींनीही साधत नाही. कागद २५० ते ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) असावा; वहीचा किंवा झेरॉक्सचा कागद उष्णतेने वाकतो आणि त्यावरचा उठावही वाकड्यातिकड्या रेषेत दिसतो. याशिवाय साधी टॅल्कम पावडर, शून्य किंवा एक क्रमांकाचा कोरडा ब्रश आणि सांडलेली पावडर गोळा करण्यासाठी एक दुमडलेला कागद, एवढे घरातलेच साहित्य लागते.

कृती थोडक्यात अशी आहे. शिक्क्याला शाई लावून तो कागदावर सरळ दाबावा आणि सरळच उचलावा. लगेच ठशावर भरपूर पावडर ओतावी. येथे हात आखडता घेण्याचे कारण नाही, कारण जास्तीची पावडर वाया जात नाही. कागद तिरका करून, मागून टिचकी मारून उरलेली पावडर दुमडलेल्या कागदावर घ्यावी आणि पन्हळीतून डबीत परत ओतावी. नको तिथे चिकटलेले कण ब्रशने टिपून मगच उष्णता द्यावी.

प्रश्न : हीट गन घेण्याऐवजी हेअर ड्रायर वापरला तर पावडर उडून गेली. रंग काढण्यासाठी वापरतात ती हीट गन आमच्या दुकानात आहे. ती चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हेअर ड्रायरची रचनाच या कामाच्या उलट आहे. त्याचा झोत जोरदार असतो, पण हवेचे तापमान सहसा १०० अंश सेल्सिअसच्या आतच राहते. पावडर वितळायला साधारण १५० अंशांच्या पुढची उष्णता लागते. त्यामुळे पावडर वितळण्याआधीच उडते. हस्तकलेच्या दुकानात मिळणारी छोटी हीट गन बहुधा ३०० वॅटच्या आसपासची असते. तिचा झोत सौम्य, पण पुरेसा गरम असतो.

रंग काढण्याची हीट गन दीड-दोन हजार वॅटची असते आणि वरच्या टप्प्यावर तिची हवा ५०० अंशांच्याही पुढे जाते. कागद साधारण २३० अंशांच्या सुमारास पेट घेण्याच्या बेतात येतो, हे लक्षात घेतले म्हणजे धोका कुठे आहे ते कळेल. तरीही हाताशी असलेले यंत्र वापरायचेच असेल तर सर्वांत खालचा टप्पा ठेवावा, नळीचे तोंड कागदापासून वीतभर अंतरावर धरावे आणि एका जागी न थांबता सतत फिरवत राहावे. कागद बोटांनी न धरता लाकडी चिमट्याने किंवा कपड्यांच्या क्लिपने धरावा. खाली कापण्याची हिरवी प्लास्टिकची चटई ठेवू नये, ती वाकते. फरशीची जुनी टाइल किंवा प्लायवूडचा तुकडा चांगला. यंत्र बंद केल्यावरही नळी बराच वेळ तापलेली असते, म्हणून मुलांच्या हाती ते देऊ नये. खिडकी उघडी असावी. मात्र पंखा बंद ठेवावा, नाहीतर पावडर खोलीभर होईल.

काहीजण इस्त्री उलटी धरून तिच्यावर कागद तापवतात. पावडर वितळते हे खरे, पण उलटी इस्त्री स्थिर बसत नाही आणि दोन्ही हात कामात गुंतलेले असतात, त्यामुळे ही युक्ती मी सुचवणार नाही. गॅसच्या ज्योतीवर कागद धरण्याचा विचारही करू नये.

प्रश्न : मे महिन्यात केलेली कार्डे व्यवस्थित झाली. जुलैत त्याच साहित्याने काम केले तर पावडर कागदभर चिकटते, आणि वितळल्यावर पृष्ठभाग खरखरीत राहतो किंवा त्यावर बारीक फोड येतात. पावडर खराब झाली असेल का? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : पावडर बहुधा ठीक आहे, दोष पावसाळी हवेतला आहे. कोकणातल्या जुलैमध्ये कागद हवेतील ओलावा शोषून घेतो आणि हाताला कोरडा वाटला तरी कोरडा नसतो. अशा कागदावर टाकलेली पावडर शाई नसलेल्या जागीही धरते. पुढे उष्णता लागली की आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती वितळलेल्या थरातून वाट काढू लागते. तुम्हाला दिसलेले फोड त्या वाफेचे आहेत. यावर उपाय सोपा आहे. शिक्का मारण्याआधी कोऱ्या कागदावर हीट गन काही सेकंद फिरवावी, दोन्ही बाजूंनी. मग कागद पूर्ण थंड होऊ द्यावा, कारण गरम कागदावर शाई लवकर वाळते. कार्डशीट प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवली तर हा त्रास बराच कमी होतो. पावडरीच्या डबीतही एक पुडी टाकून ठेवावी, आणि पावडरीत गुठळ्या झाल्या असल्यास ती चहाच्या जुन्या गाळणीतून चाळून घ्यावी. ती गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

गंमत अशी की, याच्या अगदी उलट हवेतही पावडर कागदभर पसरते. पुण्या-नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, कागदावर स्थिर विद्युत साठते आणि पावडरीचे कण तिच्याकडे ओढले जातात. दोन्ही वेळी एकच साधन उपयोगी पडते : मलमलच्या दुहेरी तुकड्यात दोन चमचे टॅल्कम पावडर बांधून केलेली पुरचुंडी. शिक्का मारण्यापूर्वी ती कागदावर हलक्या हाताने फिरवावी, म्हणजे पृष्ठभागावर अगदी पुसट थर बसतो आणि पावडर केवळ ओल्या शाईलाच धरते. थर जाड झाला तर सोनेरी रंग फिका दिसतो, म्हणून फिरवल्यानंतर कागद एकदा झटकावा. बाजारात यासाठी तयार पिशव्याही मिळतात. त्यांत यापेक्षा वेगळे काही जादूचे नसते. आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या ध्यानात येते : बोटांचा घाम आणि तेलही पावडरीला धरते. कागदावर अंगठ्याचा ठसा सोनेरी रंगात उमटलेला दिसला तर दोष हवेला देऊ नये.

आता खरखरीतपणाविषयी. पावडर वितळताना डोळ्यांसमोर काय घडते ते नीट पाहण्याची सवय लावणे हाच या कलेतला खरा अभ्यास आहे. आधी हीट गन कागदापासून दूर धरून दहा-पंधरा सेकंद चालू ठेवावी, म्हणजे पहिलाच झोत गरम मिळतो. मग ती कागदाच्या एका कोपऱ्याकडून आणावी. काही क्षण काहीच होत नाही. पावडर मातकट, निस्तेज दिसत राहते. नंतर एका जागी ती अचानक ओलसर होते आणि चकाकू लागते, आणि ती चकाकी झोताबरोबर पुढे सरकते. जिथे चकाकी आली तिथून लगेच पुढे जावे. अर्धवट वितळलेला भाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. तिथे पुन्हा उष्णता दिली की तो सपाट होतो. उलट, चकाकी आल्यानंतरही झोत तिथेच ठेवला तर राळ कागदात मुरू लागते, अक्षराभोवती तेलकट कडा दिसते, उठाव बसतो, पांढरी पावडर पिवळट पडते आणि सोनेरीची झळाळी जाते. कमी तापलेले सुधारता येते. जास्त तापलेले सुधारत नाही. तिरका प्रकाश पडेल असा दिवा डाव्या बाजूला ठेवला तर हा बदल स्पष्ट दिसतो. उठाव बारीक असेल किंवा पावडर उडण्याची भीती वाटत असेल, तर कागद उचलून धरून मागच्या बाजूने उष्णता द्यावी. पावडर तशीही वितळते आणि झोताने हलत नाही.

प्रश्न : ‘शुभ दीपावली’चा शिक्का करून घेतला. पण ‘भ’ची गाठ आणि मात्रा-वेलांट्यांमधील जागा भरून जातात, अक्षरे बुजतात. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : देवनागरीत गाठी, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे अक्षराच्या पोटात लहान लहान मोकळ्या जागा राहतात. राळ वितळताना कडेने किंचित पसरते, त्यामुळे या जागा सर्वांत आधी बुजतात. साध्या पावडरीऐवजी ‘सुपरफाइन’ किंवा ‘डिटेल’ असे लिहिलेली बारीक पावडर वापरा; तिचा थर पातळ बसतो. शिक्क्यावर शाई थोपटून लावावी, दाबून नव्हे. पॅड उलटा करून शिक्क्यावर हलकेच टेकवत नेला तर शाई फक्त वरच्या पृष्ठावर राहते आणि खाचांत उतरत नाही. शिक्का पुन्हा करून घेणार असाल तर अक्षराची उंची निदान बारा मिलिमीटर ठेवण्यास आणि रेषा सारख्या जाडीची ठेवण्यास सांगा. टाकाने लिहिल्यासारख्या जाड-बारीक वळणाचे अक्षर छपाईत देखणे दिसते, पण येथे बारीक टोकांवर पावडर धरत नाही आणि जाड भाग फुगतो.

हाताने लिहायचे असल्यास एम्बॉसिंगचा पेन मिळतो. त्याची शाई पॅडपेक्षा लवकर वाळते, म्हणून सगळा मजकूर लिहून न थांबता एक-एक शब्द लिहून त्यावर पावडर टाकत जावे आणि उष्णता मात्र ओळ पुरी झाल्यावर एकदाच द्यावी. शिरोरेखा शेवटी ओढण्याची सवय येथे अडचण करते. शब्दाबरोबरच ती ओढून घ्यावी. पांढऱ्या डिंकाने लिहून त्यावर पावडर टाकण्याचा प्रयोग अनेकजण करतात. डिंकात पाणी असल्याने तो तापला की बुडबुडे येतात, आणि नीटस अक्षरासाठी तो कामाचा नाही.

प्रश्न : हातकागदावर आणि ट्रेसिंग पेपरवर हे काम होते का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : दोन्हींवर होते, पण काळजी वेगवेगळी घ्यावी लागते. तुमच्याच गावात १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तिथल्यासारखा कापसाच्या चिंध्यांपासून केलेला कागद खडबडीत असतो आणि शाई पटकन पितो. त्यावर बारीक नक्षी तुटक उमटते, म्हणून ठसठशीत, भरीव आकारांचे शिक्के निवडावेत, शाई सढळपणे लावावी आणि पावडर टाकण्यास क्षणाचाही विलंब करू नये. दोन-चार पत्रके घेऊन सर्वांत गुळगुळीत बाजू कोणती ते बोटांनी पाहावे. बहुतेक हातकागदांच्या दोन बाजू सारख्या नसतात. तुटक उमटलेला ठसाही अशा कागदावर वाईट दिसत नाही. उलट सोनेरी पावडरीत तो जुन्या हस्तलिखितावरच्या झिजलेल्या मुलाम्याची आठवण करून देतो, आणि माझ्या मते हातकागदावर नितळ ठशाचा हट्ट धरूच नये.

ट्रेसिंग पेपर उष्णतेने क्षणात आकसतो आणि गुंडाळला जातो. हीट गन नेहमीपेक्षा लांब धरावी, झोत सतत फिरता ठेवावा आणि कागदाचे कोपरे लाकडी पट्टीने दाबून ठेवावेत. थोड्या सुरकुत्या आल्याच तर कागद गरम असतानाच जाड पुस्तकाखाली ठेवण्याची घाई करू नये. राळ घट्ट होईपर्यंत मिनिटभर थांबावे, नाहीतर उठाव पुस्तकालाच चिकटेल.

प्रश्न : एम्बॉसिंग केल्यावर त्यावर जलरंग देता येतील का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : अवश्य. वितळून घट्ट झालेली राळ पाणी धरत नाही, त्यामुळे रंगाचा हात तिच्यावरून सरळ फिरवला तरी नक्षी कोरी राहते. पांढऱ्या कागदावर पारदर्शक किंवा पांढरी पावडर वापरून, वर निळ्या-हिरव्या रंगाचा ओला हात दिला की रेषा आपोआप उजळून येतात. राळेवर साचलेले रंगाचे थेंब कोरड्या कापडाने टिपून घ्यावेत. यासाठी जलरंगाचाच ३०० जीएसएम कागद घ्यावा. रंग पूर्ण वाळल्यावर नक्षीवर साधा कोरा कागद ठेवून वरून इस्त्री फिरवली तर राळ त्या कागदाला लागून निघून येते आणि खाली सपाट, कोरी रेषा राहते. या वेळी इस्त्री सरळ धरलेली असते आणि तिच्यात पाणी नसावे.

प्रश्न : मुलीच्या लग्नाच्या २०० पत्रिका घरीच एम्बॉस करायच्या आहेत. आतला मजकूर घरच्या लेझर प्रिंटरवर छापणार आहोत. आधी काय करावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : छपाई आधी, एम्बॉसिंग नंतर, यात बदल नको. लेझर प्रिंटरमध्ये टोनर, म्हणजे त्याची शाईची पूड, कागदावर पक्का करण्यासाठी तापलेला रूळ असतो. एम्बॉस केलेला कागद त्यातून गेला तर राळ पुन्हा वितळून रुळाला चिकटते आणि प्रिंटर निकामी होऊ शकतो. छापील मजकुरावर हीट गनचा झोत जाऊ नये, कारण टोनरही उष्णतेने मऊ होतो. मजकूर आणि एम्बॉसिंग वेगवेगळ्या पानांवर ठेवणे सर्वांत सोयीचे.

संख्येविषयी स्पष्ट सांगतो. दोनशे पत्रिकांवर पूर्ण मजकूर एम्बॉस करण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा आणि थर्मोग्राफी करणाऱ्या छापखान्याकडे जावे. तिथे पावडर टाकणे, जास्तीची शोषून घेणे आणि तापवणे ही सगळी कामे यंत्र करते. घरी करायचेच असेल तर मुखपृष्ठावर गणपतीचा किंवा कलशाचा एकच लहान ठसा ठेवावा. कामे वाटून घ्यावीत : एकाने शिक्का मारावा, दुसऱ्याने पावडर टाकून ब्रशने स्वच्छ करावे, तिसऱ्याने तापवावे. शिक्का मारणाऱ्याने पावडरीला हात लावू नये, नाहीतर पॅडवर कण पडून पुढचे सगळे ठसे डागाळतात. तीस-चाळीस ठशांनंतर शिक्का ओल्या कापडाने पुसून कोरडा करावा. तयार पत्रिका थंड झाल्यावर मधे बटर पेपर घालून रचाव्यात. आणि वीस-पंचवीस कोरी कार्डे जास्तीची आणून ठेवावीत, ती लागतातच.

प्रश्न : मातीच्या पणत्यांवर सोनेरी नक्षी करता येईल का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : भाजलेली माती हीट गनची उष्णता सहज सोसते आणि पावडर तिच्यावर चांगली धरते, माती तापायला वेळ लागतो, तेवढे थांबावे लागते. पण जी पणती प्रत्यक्ष पेटवायची आहे तिच्या काठाला आणि चोचीला राळ लावू नये, कारण ज्योतीजवळ ती पुन्हा वितळते आणि जळूही शकते. नक्षी बाहेरच्या अंगाला, खालच्या अर्ध्या भागातच ठेवावी. ताटल्या, पेले, तिळगुळाच्या वाट्या अशा खाद्यपदार्थांशी संबंध येणाऱ्या वस्तूंवर ही पावडर वापरू नये. तिळगूळ द्यायचा असेल तर नक्षी कागदी पुडीच्या बाहेरच्या बाजूला करावी.